म्युनिकचा न उतरलेला मांडव

सांगली जिल्ह्यातल्या विट्यात छत्तीस वर्षं मंडपाचा धंदा केला. लग्नं, गणपती, उरूस, सभा, बारावं-तेरावं, कशालाच नाही म्हटलं नाही. आता धंदा धाकटा बघतो. थोरला म्युनिकला गाड्यांच्या कंपनीत आहे. २०२४च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं नवरा-बायको दोन महिने त्याच्याकडं राहून आलो. पहिल्याच रविवारी त्यानं आम्हाला ऑलिंपिक पार्कात नेलं. यू-३ मेट्रोच्या स्टेशनातून वर आलो, पूल ओलांडला आणि समोर बघून मी जागच्या जागी थांबलो.

"अरे, हा तर मांडव आहे."

"आबा, ते ऑलिंपिक स्टेडियम आहे. १९७२चं."

"असू दे. खांब आहेत, दोर आहेत, ताण दिलेत. खुंट्या कुठायत तेवढं दाखव."

त्याला काही दाखवता येईना. चौदा वर्षं या गावात राहतो, सुट्टीच्या दिवशी इथंच पळायला येतो, पण खुंट्या कधी बघितल्या नव्हत्या. त्या दोन महिन्यांत मी तिथं पाच वेळा गेलो. एकदा छतावर चढलो, एकदा बाहेरच्या टेकडीवर बसून फुकटात गाण्याचा कार्यक्रम ऐकला. कोण म्युनिकला जाणार असेल त्याच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितोय. मंडपवाल्याच्या नजरेनं लिहिलंय, तेवढं गृहीत धरा.

खुंट्यांचं आधी सांगतो, कारण आमच्या धंद्यात सगळं त्यांच्यावर असतं. लोकांना वाटतं मांडव पडतो. मांडव पडत नाही, उडतो. १९९४च्या मे महिन्यात आमच्याच तालुक्यातल्या एका गावात लग्न होतं. मी नवीन ताडपत्री घेतली होती, त्या तोऱ्यात होतो. धूळ उडू नये म्हणून मुलीकडच्यांनी सकाळी टँकरनं पाणी मारलं. अक्षता पडल्या, पंगत बसली आणि वळवाचा वारा आला. ओल्या मातीतनं कडेच्या तीन खुंट्या मुळ्यासारख्या उपटून आल्या आणि आख्खा मांडव पंगतीवरनं वर गेला. आधी वर गेला, मग खाली आला. एका आजीचा हात मोडला. बिलाचे पैसे मला कुणी दिले नाहीत आणि मी मागितलेही नाहीत. त्या दिवसापासून मी कुठल्याही मांडवाकडं बघताना आधी खाली बघतो, कापडाकडं नंतर.

तर या स्टेडियमच्या खुंट्या जमिनीत आहेत आणि जमीन वरून हिरवळीनं झाकलेली आहे. पश्चिमेच्या बाजूला, मुख्य स्टँडच्या पाठीमागनं हिंडलात तर जाड पोलादी दोर गवतात शिरताना दिसतात. दोर कसला, मांडीएवढी जुडगी. तिथं काँक्रीटचं तोंड थोडंसं वर आलेलं असतं, बाकी सगळं खाली. कुठं नुसत्या वजनानं धरून ठेवणारे ठोकळे आहेत, कुठं जमिनीत उभ्या गाडलेल्या जाड भिंती, कुठं खोलवर रुतवलेले ताण. मी अशा एका तोंडाशी जाऊन दोरावर हात ठेवला. वारा होता, वर छताची कड किंचित हलत होती, पण हाताखाली काही म्हणता काही जाणवलं नाही. बायको म्हणाली, "देवाला हात लावल्यासारखं काय उभं राहिलाय?"

आता हे कुणी आणि कसं बांधलं ते. १९३६ला बर्लिनला हिटलरच्या काळात ऑलिंपिक झालं होतं, मोठमोठ्या दगडी खांबांचं, कवायतीचं. १९७२च्या खेळांचं यजमानपद मिळाल्यावर जर्मनांना त्याच्या बरोब्बर उलटं काहीतरी दाखवायचं होतं. मोकळं, हलकं, हसरं. त्या खेळांच्या पाट्या, पोस्टर, कपडे हे सगळं ओटल आयशर नावाच्या माणसानं ठरवलं. त्यानं आकाशी आणि हिरवा धरला आणि लाल रंग यादीतनंच काढून टाकला. आतल्या खुर्च्या म्हणूनच हिरव्या. रस्त्यावर, स्टेशनात, विमानतळावर आपण ज्या काड्यांच्या माणसांच्या खुणा बघतो, त्या घराण्यातली नामांकित चित्रं याच खेळांसाठी काढलेली.

इमारतीची स्पर्धा १९६७ला झाली. ग्युंटर बेनिश यांच्या कचेरीनं जे मॉडेल पाठवलं त्यावर छत म्हणून बायकांचे नायलॉनचे पायमोजे काड्यांवर ताणून बसवले होते. हे पोरानं वाचून दाखवलं तेव्हा मला हसू आवरेना, कारण आम्हीही गिऱ्हाइकाला डिझाइन दाखवायला धोतराचा तुकडा आणि अगरबत्तीच्या काड्या वापरलेल्या आहेत. परीक्षकांचे प्रमुख एगॉन आयरमान यांनी ते मॉडेल उचलून धरलं. त्याच वर्षी माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात फ्राय ओटो यांनी जर्मनीच्या दालनावर असाच दोरांचा तंबू उभारला होता. म्हणजे होऊ शकतं याचा पुरावा होता, पण तो तंबू लहान आणि प्रदर्शनापुरता. इथं स्टेडियम, शेजारचा मोठा हॉल आणि पोहण्याचा तलाव यांच्यावर मिळून ७४,८०० चौरस मीटर छत घालायचं होतं. आपल्या हिशोबात साडेअठरा एकर. आख्खा ऊस बसेल. ओटो यांना मदतीला घेतलं, हिशोबाला फ्रिट्झ लिओनहार्ट यांची कंपनी आणि त्यांच्याकडचा तरुण इंजिनिअर यॉर्ग श्लाइश. तारांची बारीक मॉडेलं करायची, फोटो काढून त्यावरनं मापं घ्यायची, आणि तेवढ्यानंही भागेना तेव्हा त्या काळातल्या मोठ्या संगणकांवर गणितं करायची. एका ठिकाणचा दोर दोन मिलिमीटर चुकला की ते चुकणं पुढं सगळीकडं पसरतं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. खर्च सुरुवातीच्या अंदाजाच्या कितीतरी पट झाला. त्यातही मला काही नवल वाटलं नाही.

आम्ही गेलो तेव्हा, २०२४ला, छतावर चढायची सोय होती, आणि हाच माझ्या लिहिण्याचा मुख्य मुद्दा. दिवस आणि वेळ आधी ठरवून तिकीट काढायचं. तिकीट स्वस्त नव्हतं. बायकोनं रुपयांत हिशोब केला आणि "मी खाली बसते" म्हणाली. सून माझ्याबरोबर आली, कारण माहिती जर्मनमध्ये सांगत होते आणि मला जर्मनमधलं फक्त 'डांके' येतं. पहिल्या तारखेला आभाळ गडगडायला लागलं म्हणून चढणं रद्द झालं, पुढची तारीख मिळाली. विजा असतील तर कुणालाच वर सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. म्हणून म्युनिकमध्ये दोनच दिवस असाल तर भरवसा धरू नका.

अंगात पट्टे अडकवले, पट्ट्याचा हूक वरच्या वाटेच्या पोलादी तारेत अडकवला आणि एकामागं एक सोडलं. आमच्या पोरांना मी पंधरा वर्षं ओरडत होतो पट्टा बांधा म्हणून, कुणी बांधला नाही. चप्पल, सँडल चालत नव्हती, पाय झाकणारे बूट पाहिजे होते. मी कोल्हापुरी घालून गेलो नव्हतो, पण जायच्या बेतात होतो.

वर गेल्यावर पहिल्यांदा कळलं की खालून जे कापडासारखं वाटतं ते कापड नाहीच. पोलादी दोरांची जाळी आहे, चौकोन अडीच-अडीच फुटांचे, ७५ सेंटिमीटर. प्रत्येक ठिकाणी दोन दोर जोडीनं जातात, आडवे-उभे एकमेकांवर येतात तिथं एक बोल्ट. आणि तो बोल्ट घट्ट आवळून चौकोन पक्का करून टाकलेला नाही, दोर त्याच्याभोवती फिरू शकतील असा आहे. जाळी जमिनीवर सपाट जोडली आणि मग वर उचलली. उचलताना प्रत्येक चौकोन आपापल्या जागी कलला, कुठं शंकरपाळ्यासारखा झाला, कुठं चौकोनच राहिला, आणि सगळ्याचं मिळून ते घोड्याच्या खोगिरासारखं वळण तयार झालं. स्टेडियमवर अशी नऊ खोगिरं एकाला एक जोडलेली आहेत. बाजेची नवार सैल पडल्यावर कशी कोपऱ्याकोपऱ्यात तिरकी होते, ते डोळ्यापुढं आणा, फक्त इथं ती सैल नाही, ताणून तिरकी केलीय.

खोगीर का, तर पाण्यासाठी आणि वाऱ्यासाठी. सपाट ताडपत्रीला पावसात पोट येतं. पाणी साचतं, साचलं की आणखी खाली झुकतं, झुकलं की आणखी साचतं. मग रात्री तीन वाजता पोरं बांबूनं खालून ढोसत असतात. खोगिरात एका दिशेचे दोर वर ओढतात, दुसऱ्या दिशेचे खाली. बर्फ पडला तर खाली ओढणारे सैल पडतात, वर धरणारे काम करतात. वारा वर उचलायला लागला तर उलटं. मी हे छत्तीस वर्षं अंदाजानं करत आलो. इथं ते पक्कं बसवलेलं हाताला लागलं.

जाळीवर ॲक्रिलिकचे पारदर्शक पत्रे आहेत, जवळजवळ तीन मीटरचे चौकोन आणि जाडी फक्त चार मिलिमीटर. पत्रा थेट दोरावर बसवलेला नाही, मधे रबराचे ठोकळे आहेत. दोन पत्र्यांमध्ये काळ्या रबराची पट्टी. जाळी वाऱ्यानं, उन्हानं हलते, पत्रा हलत नाही, म्हणून मधे काहीतरी सोसणारं पाहिजे. खालून दिसणाऱ्या काळ्या रेघांची जी नक्षी सगळ्या फोटोंत असते ती खरं तर या रबराची आहे, दोरांची नाही. पारदर्शक का ठेवलं त्याचंही कारण झकास आहे. तेव्हा रंगीत टीव्ही नवा होता. अर्धं मैदान कडक उन्हात आणि अर्धं कडक सावलीत असलं की कॅमेऱ्याला झेपायचं नाही. म्हणून टीव्हीवाल्यांना सावली मऊ पाहिजे होती. पन्नास वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्याच्या अडचणीमुळं आज खाली बसलेल्या माणसाला डोक्यावर आभाळ दिसतं.

पण मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवलं ते अधांतरी खांबांनी. मोठे खांब स्टँडच्या पाठीमागं उभे आहेत, सगळ्यात उंच ऐंशी मीटरच्या आसपास, म्हणजे अडीचशे फुटांच्या वर. त्यांच्यावरनं दोर आत येतात. आत छताच्या मधोमध, जिथं जाळी उंच धरायची आहे तिथं लहान खांब आहेत, आणि त्या खांबांच्या खाली जमीन नाही. खांबाचं खालचं टोक दोरांच्या झोळीत बसलंय, वरचं टोक जाळीला वर ढकलतंय. प्रेक्षकांच्या डोळ्यापुढं एकही खांब नको म्हणून केलेली युक्ती. मी सुनेला म्हणालो, "यांना विचार, झोळीचा दोर तुटला तर?" तिनं विचारलं नाही. बरं केलं.

अजून एक. वरनं उतरताना तारेला लटकून मैदानावरनं घसरत जायचीही सोय होती, त्याचे पैसे वेगळे. बासष्टाव्या वर्षी मी ते केलं नाही. सून गेली. तिच्या ओरडण्यावरनं पैसे वसूल झाले असावेत.

छताचा दोषही सांगितला पाहिजे, नाहीतर हे परीक्षण कसलं. हे छत सगळ्या स्टेडियमवर नाही. पश्चिमेचा मुख्य स्टँड आणि दोन्हीकडचा थोडा थोडा भाग झाकलाय, पूर्वेची बाजू उघडी. दिसायला ते सुरेख आहे, एका बाजूला डोंगररांग असल्यासारखं. पण तुमचं तिकीट उघड्या बाजूचं असेल आणि पाऊस आला तर ती डोंगररांग बघत भिजायचं. आमच्याकडं कुणी निम्म्या पंगतीवर मांडव घातला असता तर नवऱ्या मुलाच्या मामानं मला तिथंच धरला असता. वानखेडेवर २०११च्या वर्ल्ड कपआधी जे पांढरं टेफ्लॉनचं छत घातलं, ते रूपानं याच्या जवळपासही येत नाही, पण बिचारं जवळजवळ चहूबाजूंना आहे.

दुसरी अडचण मैदानाभोवतीच्या धावपट्टीची. ऑलिंपिकसाठी ती लागणारच. पण त्यानंतर तेहतीस वर्षं इथं फुटबॉल चालला, आणि फुटबॉलच्या माणसाला गोलपोस्टच्या मागनं खेळाडूच्या घामाचा वास यावा लागतो. मी गोलच्या मागच्या बाजूला वरच्या रांगेत जाऊन बसलो. मैदान दिसत होतं, पण शेजारच्या गावची जत्रा दिसावी तसं. खेळ मात्र इथं मोठमोठे झाले. १९७४च्या विश्वचषकाची फायनल याच गवतावर झाली. पश्चिम जर्मनीनं नेदरलँड्सला २-१ हरवलं आणि बेकेनबाउरनं कप उचलला. १९८८च्या युरो कपच्या फायनलला व्हॅन बास्टननं कोपऱ्यातनं मारलेला तो गोलही इथलाच. एवढं सगळं होऊन बायर्न आणि '१८६०' अशी नावं असलेल्या गावच्या दोन्ही फुटबॉल क्लबांना नवीन घर पाहिजे होतं. आधी यालाच तोडून-जोडून फुटबॉलचं करायचा विचार झाला. बेनिश यांच्या कचेरीनं तसे आराखडेही केले आणि शेवटी ते बारगळलं. २००१ला गावात मतदान घेतलं, पासष्ट टक्क्यांहून जास्त लोकांनी नवीन मैदानाच्या बाजूनं कौल दिला, आणि २००५ला क्लब उत्तरेला नव्या अलियान्झ अरेनात गेले.

खरी गंमत इथनं पुढं सुरू होते. मोठा भाडेकरू एकदम गेला की जागेचं काय होतं ते आपण बघतोच. आमच्याकडं तालुक्याच्या ठिकाणी क्रीडा संकुलं बांधतात, फीत कापतात, दोन वर्षांत गुडघाभर गवत आणि गेटला कुलूप. आत जायचा प्रसंग येतो तो सभेला नाहीतर कृषी प्रदर्शनाला, आणि तेव्हा मांडव घालायला मीच असतो, म्हणून मला माहीत. इथं तसं झालं नाही. मैफली तर आधीपासूनच चालू होत्या. १९८७ला पोप इथं येऊन गेले. मायकल जॅक्सनच्या १९९९च्या कार्यक्रमात स्टेजवरचा पूल त्याच्यासकट खाली आला. ती चित्रफीत पोरानं दाखवली, मला बघवेना, स्टेज हा आमचाच विषय. क्लब गेल्यावर मोटारींच्या शर्यती झाल्या, बायकांच्या चॅम्पियन्स लीगची फायनल झाली, तुर्की लोकांनी काढलेल्या एका क्लबनं काही सामने खेळले. २०२२ला, बरोब्बर पन्नास वर्षांनी, युरोपच्या स्पर्धेसाठी पुन्हा धावपटू आले. आणि त्या धावपट्टीनं, जिच्यामुळं फुटबॉल गेला, तिनंच त्या वेळी उपयोग दिला.

माझ्या मते याचं कारण छत नाहीच, जमीन आहे. हे स्टेडियम उभं केलेलं नाही, खणलेलं आहे. दोन तृतीयांश भाग जमिनीच्या खाली. तुम्ही चालत चालत येता आणि वरच्या काठावर पोचता, खाली द्रोणात मैदान. आपल्याकडं कुस्तीच्या मैदानाला टेकडीचा उतार धरतात, माणसं आपोआप एकावर एक बसतात, तसं. त्यामुळं बाहेरनं ते अंगावर येत नाही. भिंत नाही, बाग आहे, तळं आहे, टेकडी आहे, आणि त्यावरनं तरंगत गेलेलं छत. स्टेडियम रिकामं असलं तरी जागा रिकामी नसते. जॉगिंग करणारे, बाबागाड्या, बदकं, पुस्तक घेऊन पालथे पडलेले विद्यार्थी. आत जाऊन नुसतं मैदान बघायचं असेल तर तिकीट तेव्हा चिल्लर होतं.

टेकडीचं ऐकून आमच्या बायकोला वाईट वाटलं. ती खरी टेकडी नाही. महायुद्धात बॉम्बनं जी घरं पडली त्यांचा राडारोडा इथं आणून टाकला, त्याचा ढीग साठेक मीटर उंच झाला. त्याच्या आधी हे लष्कराचं मैदान आणि विमानतळ होतं. १९३८ला हिटलरशी करार करायला इंग्लंडचे पंतप्रधान चेंबरलेन इथंच उतरले होते. मग ढिगावर माती, गवत, झाडं लावली. आता हिवाळ्यात पोरं तिथनं घसरगाड्या सोडतात. "कुणाकुणाची घरं असतील गं खाली," असं ती सुनेला म्हणाली आणि थोडा वेळ चपला काढून बसली.

त्याच राडारोड्यातनं टिमोफेई नावाच्या एका रशियन बाबानं १९५२ला इथं स्वतःच्या हातानं लहानसं चर्च बांधलं. परवाना नाही, नकाशा नाही. आपल्या भाषेत अतिक्रमण. आत छताला चॉकलेटचे चांदीचे कागद चिकटवले होते. ऑलिंपिक आलं, घोडेस्वारीचं मैदान नेमकं तिथं येत होतं. लोकांनी बोंब मारली आणि घोडे दुसरीकडं नेले, बाबा राहिला. २००४ला तो वारला. चर्च २०२३च्या जूनमध्ये जळालं, आम्हाला बघायला मिळालं नाही.

खेळाडूंची वस्ती पुलापलीकडं आहे. पुरुषांचे पायऱ्यापायऱ्यांचे फ्लॅट आता लोकांची राहती घरं आहेत. बायकांची होती त्या जागेवरच्या छोट्या बंगल्यांत विद्यार्थी राहतात, आणि प्रत्येकजण आपल्या दाराची भिंत रंगवतो. एकावर वाघ, एकावर नुसतं 'भांडी घासा'. पोरानं भाषांतर करून सांगितलं.

याच वस्तीशी आमच्या जिल्ह्याचा एक धागा आहे. मुरलीकांत पेटकर वाळवा तालुक्यातल्या पेठचे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, पाय लुळे पडले, आणि १९७२च्या पॅरालिंपिकला पोहण्यात भारताचं पहिलं सुवर्ण आणलं. सगळे समजतात की ते म्युनिकला झालं. झालं तीनशेवर किलोमीटर लांब हायडेलबर्गला. म्युनिकच्या वस्तीतली घरं खेळ संपल्यावर विकायची आधीच ठरलेली होती, अपंग खेळाडूंसाठी ती मिळाली नाहीत. पुढच्या वापराचा एवढा विचार केला म्हणून मी कौतुक करत होतो, आणि त्याच विचारामुळं आमच्या माणसाला दुसऱ्या गावाला जावं लागलं. पोहण्याच्या तलावावरचं तेच सुंदर छत बघताना हे डोक्यातनं जाईना.

कोनोली स्ट्रासे ३१ हे घरही त्याच वस्तीत. ५ सप्टेंबर १९७२ला पहाटे तिथं इस्रायलच्या खेळाडूंना ओलीस धरलं, दुसऱ्या दिवसापर्यंत अकरा इस्रायली आणि एक जर्मन पोलीस गेला. दारावर पाटी आहे, लोक दगड ठेवून जातात. तिथनं जवळच मातीच्या उंचवट्यात खाच पाडून २०१७ला स्मारक केलंय, प्रत्येकाचा फोटो आणि थोडक्यात आयुष्य. हसऱ्या खेळांसाठी पहारा मुद्दाम ढिला ठेवला होता. मी तिथं काही बोललो नाही, तुम्हीही पोरांना घेऊन जा पण आरडाओरडा करू देऊ नका.

उंच टॉवर त्या जूनपासूनच दुरुस्तीला बंद झाला होता, त्यामुळं त्याबद्दल लिहीत नाही. टेकडीवरनं दिसतं ते पुरेसं आहे, आणि फुकट आहे.

आता शेवटचा दिवस. २७ जुलैला आत गायिका टेलर स्विफ्टचा कार्यक्रम होता. सुनेला तिकीट मिळालं नव्हतं. ती म्हणाली, टेकडीवर जाऊ. मला वाटलं दहा-वीस पोरं असतील. गेलो तर आषाढीला वाखरीला असावी तशी गर्दी, हजारोंनी, टेकडी हिरवी दिसतच नव्हती. चादरी अंथरलेल्या, मण्यांची कांकणं वाटणं चाललेलं, एका पोरीनं आमच्या बायकोच्या हिरव्या चुड्याशेजारी एक कांकण घातलं. खाली द्रोणात चौऱ्याहत्तर हजार लोक, वर ही सगळी. बाईनं मधेच गाणं थांबवून बाहेरच्या लोकांचं नाव घेतलं तेव्हा टेकडी अशी ओरडली की बदकं उडाली. भिंतीचं स्टेडियम असतं तर आवाजही बाहेर आला नसता.

मला गाण्यातलं काही कळत नव्हतं. मी छताकडं बघत होतो. उजेड कमी झाला तसं आतले दिवे पत्र्यांतनं वर यायला लागले, आधी जांभळं, मग गुलाबी, आणि अधांतरी खांब काळे काळे दिसायला लागले. मी धाकट्याला व्हिडिओ कॉल लावला. विट्यात मध्यरात्र उलटली होती, पाऊस चालू होता, गणपतीच्या मांडवांचे नग मोजायला गोडाऊनमध्येच होता तो. फोन छताकडं फिरवला. तो जरा वेळ बघत राहिला.

"आबा, खुंट्या कुठायत?"

मी सांगायला लागलो, तर बायकोनं फोन हातातनं काढून घेतला. "सकाळी सांगा. गाणं ऐकू द्या."